शनिवारची दोन मडकी

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. तोंडावर मी त्याला जन्मभर अहो-जाहो केलं, सणासुदीला त्याच्या पाया पडले, शेवटच्या दुखण्यात त्याला वाटीभर पेजही नेऊन दिली. इथे मात्र मी त्याला 'तो' लिहिणार आहे. हे कोणी वाचणार नाही, आणि वाचलंच तर वाचो.

आमचं गाव अड्याळपासून तासाभराच्या पायवाटेवर, तळ्याच्या पारीखाली. पार म्हणजे तळ्याचा मातीचा बांध. घर एकच होतं, पण चुली दोन. पुढच्या अंगणातली पडवी आणि दोन खोल्या मोठ्या बाबाच्या, मागची बाजू आमची. शेत सामाईक, बैल सामाईक, आणि हुकूम एकट्याचा. सकाळी तो गुळण्या करायचा तेव्हा गोठ्यातली वासरं कान टवकारायची. गुळण्या संपल्या की खाकरायचा, खाकरणं संपलं की बोलायला लागायचा, आणि मग दिवसभर त्या घरात दुसऱ्या कोणाचा आवाज ऐकू यायचा नाही. माझे बाबा मुळातच कमी बोलणारे. काही विचारलं की "दादा म्हणन तसं" एवढंच. माझी माय डोक्यावरचा पदर सावरत भिंतीच्या कडेकडेने चालायची. मी मायवर गेले होते. पाहुणे आले की मी कोठीमागे जायची. आमच्याकडे जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं पातळ वरण आणि सुकवलेल्या झिंग्यांची चटणी असायची. पुढच्या चुलीवर तुरीचं वरण शिजायचं आणि त्याच्या फोडणीचा वास आमच्याकडे यायचा. मी त्या वासाबरोबर भात खाल्लेला आहे.

मायला अक्षर येत नव्हतं. तिच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की होती, की मला अड्याळच्या शाळेत पाचवीला घालायचं. आमची शाळा चौथीपर्यंतच होती. गावातली एकही मुलगी तोवर पाचवीला गेली नव्हती. मुलं जायची, सायकलवर किंवा पायी, पारीवरून. मायनं पवनीच्या बाजारातून निळं कापड आणून ट्रंकेत तळाशी ठेवलं होतं. बाबांना ते माहीत होतं. ते एकदा म्हणाले होते, "टाकू नाव. दादाले मी सांगतो." एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं. मी तिसरीत असल्यापासून रात्री झोपताना त्या निळ्या कापडाचा विचार करायची.

त्या वर्षी शाळेत नवीन गुरुजी आले. तरुण होते, सायकलच्या दांड्याला वर्तमानपत्राची गुंडाळी अडकवून यायचे. त्यांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेत मतसभा सुरू केली. पाळीपाळीनं एकेका मुलानं एक प्रश्न आणायचा, दोन बाजूंनी बोलायचं आणि मग साऱ्या शाळेनं मत द्यायचं. पहिला प्रश्न गुरुजींनीच दिला, भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला ते बरं झालं की वाईट. एक पोरगा उठून म्हणाला, "तांदळाच्या गिरण्या गोंदियाले गेल्या, आपल्याकडं पितळेचे गंज राहिले." दुसरा म्हणाला, "गंजात भात तरी शिजवता येते, गिरणीत शिजवता येते का बे?" गुरुजी इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. नंतर आम्ही मत दिलं की शाळेजवळचा हापसा दुरुस्त झाला पाहिजे. आम्ही मत दिलं की नाल्याकाठच्या मोहाच्या दारूच्या भट्ट्या बंद झाल्या पाहिजेत. गुरुजींनी निकाल फळ्यावर लिहून ग्रामपंचायतीत नेऊन दिले. हापसा तसाच राहिला. भट्ट्यांचा धूर शाळेतून दिसायचा.

मत देण्यासाठी कुंभाराकडून आणलेली दोन मडकी होती. खोलीच्या दाराआड, तिरप्या लावलेल्या फळ्यामागे ती ठेवलेली असायची. एकावर खडूनं 'होय', दुसऱ्यावर 'नाही'. सारी शाळा बाहेर ओसरीवर बसायची आणि एकेकानं आत जाऊन आपला चिंचोका टाकायचा. दाराआड गेलं की मत गुप्त, असं गुरुजींना वाटायचं. पण ती मडकी सारखी नव्हती. 'होय'चं चांगलं भाजलेलं होतं, त्यात चिंचोका पडला की टण् वाजायचं. 'नाही'चं कच्चं होतं, त्यात भद् आवाज यायचा. ही गोष्ट शाळेतल्या पोरापोराला ठाऊक होती. गुरुजी त्या वेळी फळ्यावर लिहायची तयारी करत असायचे, आणि गावचे कान त्यांना नव्हते.

मग मोठ्या बाबाच्या गजूची पाळी आली. गजू माझ्याच वर्गात, माझ्याहून दोन-चार महिन्यांनी मोठा. लाखोरी फुलली होती, धानाच्या बांध्यांमधून निळं निळं दिसत होतं. तो उभा राहिला आणि पाठ केल्यासारखा म्हणाला, "पोरींनी पाचवीसाठी बाहेरगावी जावं का नाई?" गुरुजींना प्रश्न फार आवडला. त्यांनी 'जावं' या बाजूनं बोलायला माझं नाव घेतलं. चौथीत वाचनात मीच पहिली होते, म्हणून. आठवडाभर मी मायसमोर बोलून पाहिलं. ती तांदूळ निवडत ऐकायची आणि म्हणायची, "वा, वकीलच दिसते माई पोरगी."

शनिवारी गजू आधी बोलला. "पोट्टी शाळेत गेली तर गोवऱ्या कोन थापन? लहान्याले कोन धरन? न पारीवर तर जनावर फिरते. मायच्या कामाले हात नाई का पाहिजे?" टाळ्या पडल्या. मग मी उभी राहिले. समोर भिंतीवर जिल्ह्याचा जुना नकाशा होता, गोंदियासकट. मी त्याच्याकडे पाहत राहिले. गुरुजी म्हणाले, "बोल बेटा, घरी आहोत असं समज." घरी तर मी मुळीच बोलत नव्हते. मागून कोणीतरी हसलं. मी खाली बसले.

जे बोलायचं होतं ते आता लिहून ठेवते, कारण ते चांगलं होतं. गजूही त्याच पारीवरून जाणार आहे. वाघ काय पोरगी पाहून खातो? आणि माझी माय सकाळी चारला उठते, तेव्हा माझ्या शाळेनं तिचं काम अडणार नाही, ते अडायचं असतं तर मोठ्या बाबाच्या झोपेनं आधीच अडलं असतं. हे शेवटचं वाक्य मी मायसमोर म्हटलं नव्हतं. ते माझं एकटीचं होतं.

मत द्यायला मुली आधी गेल्या. गजू दाराला पाठ लावून, मान तिरकी करून बसला होता. पहिली मुलगी आत गेली आणि टण् वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "चाल घरी, दाखवतो तुले पाचवी." त्यानंतर प्रत्येक मुलीचा चिंचोका भद् पडला. माझ्या मैत्रिणीचा, शेवंताचाही. बाहेर येताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुलींत मी शेवटी गेले. माझं टण् त्या जवळजवळ रिकाम्या मडक्यात फार वेळ वाजत राहिल्यासारखं वाटलं.

मग मुलं गेली आणि गुरुजींनी 'नाही' असा निकाल लिहिला. लिहिताना त्यांचा खडू मोडला. गजू शाळा सुटल्याबरोबर पळत घरी गेला. मी पोहोचले तेव्हा मोठा बाबा पडवीत अंबाडीचा दोर वळत बसला होता आणि इतका खुशीत हसत होता की दोर हातातून सुटत होता. माझे बाबा शेजारी उभे होते.

"आयकलं का लहान्या? पोरायनं ठरवलं न बा. मी कोन बोलनारा? साऱ्या शाळेनं मत देल्लं."

बाबा म्हणाले, "तो तर शाळेतला खेळ आहे दादा."

"खेळ कसा? गुरुजी म्हणते मत म्हणजे मत. तुयी पोरगी तं तोंडबी नाई उघडू शकली. तिले जाचंच नसन."

दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः आले. मोठ्या बाबाच्या बायकोनं, म्हणजे मोठ्या आईनं, त्यांना बशीत चहा दिला. गुरुजी म्हणाले, "हा सराव होता हो, मुलांना सवय लागावी म्हणून." मोठा बाबा हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुमीच तं शिकवता, हारलं तरी मत मानलं पाहिजे. आता तुमीच फिरले तं पोट्टे काय शिकतीन?" गुरुजी उठले. ते चहा अर्धा ठेवून गेले. ते चांगले होते. पण त्या अर्ध्या चहाबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. तोवर आम्ही कितीतरी मतं दिली होती, गावानं त्यातलं एकच मानलं, आणि ते माझ्यावरचं.

बाबा "दादा म्हणते तं..." म्हणून गोठ्यात गेले. मायनं काही दिवस वाट पाहिली, मग ट्रंक उघडून निळं कापड काढलं आणि माझ्या धाकट्या भावाला त्याची चड्डी शिवून घेतली. तो ती घालून अंगणात मातीत लोळायचा. मी त्याला उचलून घ्यायची तेव्हा ते कापड हाताला लागायचं.

मी रडले नाही. त्या कापडानं मला हुशार केलं. एरवी मी इतकी हुशार नव्हते.

संक्रांतीनंतर आमच्या गावी शंकरपट भरायचा. दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री गावच्या मंडळाचं नाटक. नाटकात मोठा बाबा राजा व्हायचा. मला आठवतं तेव्हापासून तोच राजा. नाटक बदलायचं, राजा बदलायचा नाही. पोट सुटलं होतं, दोन दाढा गेल्या होत्या, लढाईत तो धापा टाकायचा आणि वाक्य विसरला की मागचंच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणायचा. गावातली माणसं पदराआड, रुमालाआड हसायची आणि सकाळी म्हणायची, "काय काम केलं भाऊ." मंडळाची तालीम घेणारा सीताराम शिंपी तर हात जोडायचा. पटासाठी बैल, दोर, मंडप सारं मोठ्या बाबाच्या शब्दावर मिळायचं. त्यासाठी राजाचं काम त्याला दिलं तर दिलं. आणि तो? बाकी साऱ्या गोष्टी त्याला जन्मानं मिळाल्या होत्या. राजा मात्र त्यानं स्वतः मिळवला होता असं त्याला वाटायचं. तालमीच्या दिवसांत तो मोठ्या आईशीसुद्धा गोड बोलायचा. एवढं मी भिंतीआडून पाहून ठेवलं होतं.

मतसभेतली माझी पाळी मी लाजेनं पुढे पुढे ढकलत आले होते. पटाच्या तालमी सुरू झाल्या त्या शनिवारी मी पाटीवर प्रश्न लिहून गुरुजींच्या हातात दिला. पटाच्या नाटकात राजाचं काम मोठ्या बाबांनीच करावं का?

गुरुजींनी पाटी वाचली. माझ्याकडे पाहिलं. पाटी उलटी ठेवली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. मग विचारलं, "हा गावचा चालू प्रश्न आहे?" मी मान हलवली. ते म्हणाले, "बरं." त्यांच्या मनात काय होतं मला कधी कळलं नाही. मला वाटतं, त्यांनाही तो अर्धा चहा आठवला असावा.

मडकी पुसून ठेवणं हे मुलींचं काम होतं. त्या सकाळी ते मी केलं. येताना ओच्यात धानाचा कोंडा आणला होता. दोन्ही मडक्यांत तळाशी दोन-दोन मुठी टाकला आणि वरून हातानं दाबला.

गजू बापाच्या बाजूनं बोलला. "माया बाबाचा आवाज पारीपलीकडं जाते." दुसरीतला एक बुटका पोरगा न विचारताच उठला. "आवाज जाते, पण राजा नाई जात. मागच्या साली लढाईत राणीनं धरून उभा केला त्याले." शाळा हसली. दुसरा म्हणाला, "राजा धापा टाकते न दुश्मन थांबून राह्यते." गजू ओरडला, "सांगतोच बाबाले." गुरुजी म्हणाले, "इथलं इथेच."

मग एकेक जण आत गेला. ओसरीवर सारे गप्प बसून ऐकत होते. काहीच वाजलं नाही. गजूनं दाराला कान लावला, मग दुसरा कान लावला.

"वाजून काहून नाई राहिलं बे?"

बाहेर येणारं प्रत्येक पोर आधी गजूकडे पाहायचं, मग त्याला कळायचं की याला काही कळलेलं नाही, आणि मग ते हसू दाबत बसायचं. मी ते एकेक तोंड पाहिलं. तशी मजा मला पुढे लग्नातही आली नाही.

गुरुजींनी मडकी ओतली तेव्हा कोंडा पडला. त्यांनी तो पाहिला, हातानं बाजूला सारला आणि चिंचोके मोजले. 'होय' मडक्यात दोनच निघाले. एक गजूचा. दुसरा कोणाचा ते ठाऊक नाही, पण गजूची धाकटी बहीणही दुसरीत होती, आणि ती मला नंतर चुकल्यासारखं तोंड करून बोरं देऊन गेली.

दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळी मंडळाची माणसं आमच्या अंगणात आली. सीताराम शिंपी पुढे. गळ्यातला टेप कुरवाळत म्हणाला, "भाऊ, मंडळाचं म्हणनं असं पडलं का यंदा खालच्या आळीच्या जावयाले राजाचं काम द्यावं. तुमी आता मोठे मानूस, खुर्चीवर बसून पाहा."

"कोन म्हणते?"

"पोरायनं मत देल्लं न भाऊ."

"पोट्ट्यायचं काय आयकता बे तुमी? शेंबूड पुसता येत नाई त्यायले."

"असं कसं भाऊ," सीताराम फार नम्र होता, "तुमीच तं आयकलं होतं. या पोरीच्या शाळेच्या वक्ताले. तवापासून गावात रीतच पडली."

मागे कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी कोठीमागे उभी होते. माझे बाबा गोठ्याच्या दारात होते. त्यांनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते.

मोठा बाबा दोन दिवस बोलला नाही. घरात इतर माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. मोठी आई गाणं म्हणत होती, हे मला पहिल्यांदा कळलं. मग त्यानं गुरुजींना गाठलं. गुरुजी म्हणाले, प्रश्न ज्या मुलीचा आहे तिनं तो मागे घेतला तर मत पुन्हा घेता येईल.

म्हणून तो माझ्याकडे आला. मी मागच्या अंगणात लाखोरीची कोवळी भाजी खुडत बसले होते. तो समोर उकिडवा बसला. इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या कानात पांढरे केस होते.

"यशोदा," तो म्हणाला. आजवर तो मला 'ए पोट्टी' म्हणायचा. "तू गुरुजीले म्हण, प्रश्न वापस घेतो म्हणून. मग तुया पाचवीचंबी पुन्हा मत घेऊ. मी पाहून घेतो. सारे होयच म्हणतीन."

मी भाजी खुडत राहिले. अड्याळ, पारीवरची वाट, नवं कापड, सारं त्याच्या मुठीत होतं आणि त्यानं मूठ उघडली होती. मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण तो गप्प बसू शकत नव्हता. मला खूश करायला तो हसला आणि म्हणाला, "मांगं मीच गजूले सांगतलं होतं, दाराशी कान देऊन बस म्हणून. आता नाई सांगत. मंग तं झालं?"

मी हात थांबवले आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाई," मी म्हटलं.

"नाई काय?"

"नाई घेत वापस."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. उठताना त्याला धाप लागली.

माय गोठ्यातून सारं ऐकत होती. तो गेल्यावर ती आली आणि तिनं मला थोबाडीत मारली. तिनं मला मारलेलं ते एकदाच. "बावळट, देऊन राहिला होता तं घ्याचं होतं." मग ती तिथेच, भाजीच्या टोपलीशेजारी बसली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती हसत होती, आवाज न करता, इतकी की तिला खाली हात टेकावा लागला. "कसा उठला गं," ती म्हणाली, "कसा उठला."

माझी लेक आता भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. तिला एकदा ही गोष्ट सांगितली तर ती चिडली. म्हणाली, "आई, आधी पाचवीत जायचं, मग सूड घ्यायचा." शिकलेल्या पोरीचं डोकं, बरोबरच असणार. पाचवी मला हवी होती, आजही हवी आहे. तिची पुस्तकं मी अजून पुसायच्या निमित्तानं उघडते. पण त्याच्या हातून, त्याच्या मेहरबानीनं, त्यानंच वाजू न दिलेल्या मतांवर? पस्तावा कुठे असेल म्हणून मी कितीदा शोधून पाहिलं. सापडत नाही.

पटाच्या दिवशी तो पोटदुखीचं निमित्त करून पडवीत बसून राहिला. परगावचे लोक अंगणावरून जात होते आणि ओळखीचे हटकून विचारत होते, "काय भाऊ, नाटकाच्या तयारीले नाई गेले?" त्यानंतर तो नाटकात कधी उभा राहिला नाही. घरातलं त्याचं बोलणंही हळूहळू कमी झालं.

पुढच्या पावसाळ्यात शाळा उघडली तेव्हा गजू दप्तर घेऊन पारीवरून अड्याळला जायला लागला आणि मी मायबरोबर धानाच्या रोवण्याला. रोज सकाळी डोक्यावर भाताची शिदोरी घेऊन मी मोठ्या बाबाच्या पडवीसमोरून जायची. मी जवळ आले की तो मान खाली घालून दोर वळायला लागायचा, मी जाईपर्यंत वर पाहायचा नाही. शेतावर जायला आमच्या मागच्या वाडीतून जवळची वाट होती. माय त्याच वाटेनं जायची. मी लग्न होऊन जाईपर्यंत पुढूनच गेले.